फ्लायचं डोकं फुगतं कशानं?

गळाच्या दांडीवर पिसं, केस, लोकर, तार दोऱ्यानं बांधून मासे पकडायला केलेला बनावट किडा म्हणजे फ्लाय. घरी फ्लाय बांधणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी इतके आले की सगळा स्तंभ त्यांनाच दिला आहे. प्रश्न पिसांचे आहेत, केसांचे आहेत, हत्यारांचे आहेत. पण बहुतेकांचं दुखणं शेवटी दोऱ्यापाशीच येऊन थांबतं. म्हणून पहिल्या उत्तराला जास्त जागा घेतली आहे.

प्रश्न: फ्लाय अर्धीअधिक नीट होते, पण शेवटी डोकं इतकं फुगतं की गळाचं नेढं, म्हणजे दोरी ओवायचं भोक, बुजतं. बारीक दोरा आणला तरी तेच. काय चुकतंय?

आधी जागेचं बघू. सुरुवात करतानाच नेढ्यामागे एका नेढ्याच्या लांबीएवढी दांडी मोकळी सोडायची आणि शेवटची गाठ मारेपर्यंत तिथे काहीही येऊ द्यायचं नाही. शरीर, पंख, हॅकल (दांडीभोवती गुंडाळलेलं पीस), सगळं त्या जागेच्या मागेच संपलं पाहिजे. हात आपोआप पुढे सरकत जातो. म्हणून नव्या माणसाला शिकवताना मी तिथे दोऱ्याचा एकही वेढा पडू देत नाही. दांडीचा उघडा धातू डोळ्यांसमोर राहिला की हद्द कळते.

मग पीळ. दोरा गळाभोवती फिरतो तसा वेढ्यागणिक त्याला पीळ बसत जातो. पीळ बसलेला दोरा गोल होतो, गोल वेढे एकमेकांवर चढतात आणि डोकं वाढतं. तोच दोरा पीळ काढला की चपटा होऊन पसरतो, मग त्याचे थरावर थर देऊनही उंची जेमतेम वाढते. बॉबिन, म्हणजे दोऱ्याचं रीळ धरणारं नळीचं हत्यार, गळाखाली लोंबती सोडा. उजव्या हातानं बांधत असाल तर वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला तिला गिरकी द्या. डावखुऱ्यांनी दिशा बदलायची. आता दोऱ्याकडे अगदी जवळून पाहा. आधी तो वळलेला, काळपट दिसतो. हळूहळू तंतू सुटे होऊन शेजारी शेजारी येतात आणि दोरा रुंद, चकचकीत दिसायला लागतो. तिथे बॉबिन थांबवायची. केस घट्ट आवळायचे असतील तेव्हा मात्र पीळच हवा, म्हणून तेव्हा गिरकी उलट. माझी बॉबिन एका फ्लायमध्ये कितीतरी वेळा अशी फिरते आणि त्यात गेलेला वेळ मला कधीच वाया गेलेला वाटला नाही.

आता वेढ्यांचा हिशोब. ताणून दिलेले तीन वेढे जे धरतात ते सैल दहा वेढ्यांना धरता येत नाही. पुढची वस्तू बांधायच्या आधी मागचे एकदोन वेढे उलगडा आणि तेच नव्या वस्तूवर द्या. आधीचं काही सुटत नाही. पिसांची, केसांची बुडं सरळ कापू नका, तिरकी कापा, म्हणजे तिथे पायरी होत नाही.

दोरा घेताना डेनिअर बघा. 9000 मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर, त्यामुळे आकडा लहान तितका दोरा बारीक. दोऱ्याच्या जाडीचे 6/0, 8/0 हे आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, त्यांच्यावर विसंबू नका. 12 ते 16 नंबरच्या गळाला 70 डेनिअर पुरतो.

प्रश्न: दोरा सारखा तुटतो. ताण कमी केला तर पिसं फिरतात.

ताण किती चालतो हे हाताला माहीत नाही, म्हणून हे होतं. रिकामा गळ व्हाइसमध्ये, म्हणजे गळ धरणाऱ्या शिकंज्यात, लावा, थोडे वेढे द्या आणि मुद्दाम दोरा तुटेपर्यंत खेचा. पुन्हा द्या, पुन्हा तोडा. तुटण्याच्या जरासं आधी दोरा कसा लागतो ते बोटांना कळलं की त्याच्या किंचित अलीकडे राहून बांधायचं. इतकं करूनही तुटत असेल तर बॉबिनच्या नळीचं तोंड तपासा. त्यातून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर कड खरबरीत आहे, नळी बदला. आणि गळाचं टोक! शेपटीकडचे वेढे देताना दोरा टोकाला नुसता घासला तरी त्याचे निम्मे तंतू कापले जातात आणि तो तुटतो चार वेढे पुढे गेल्यावर, त्यामुळे खरं कारण लक्षातच येत नाही.

पिसं फिरतात त्याचं उत्तर चिमटीत आहे. वस्तू दांडीवर अंगठा आणि तर्जनीनं धरा, दोरा त्याच चिमटीतून वर न्या, वर सैल फास राहू द्या, पलीकडून खाली आणा आणि चिमूट न सोडता सरळ खाली ओढा. फास बोटांच्या आतच आवळला जातो, म्हणून वस्तूला सरकायला जागा उरत नाही.

प्रश्न: ड्राय फ्लाय पाण्यावर उभी न राहता एका कुशीवर पडते.

हॅकल आणि शेपटीचं माप चुकतंय. गळाचं टोक आणि दांडी यांच्यात जे अंतर असतं त्याच्या दीडपट हॅकलचे तंतू हवेत. शेपटी दांडीएवढी लांब. फ्लाय याच तंतूंच्या टोकांवर पाण्याच्या पृष्ठभागावर तरते, त्यामुळे हॅकल लांब झालं की तोल गेलाच. पीस बांधण्याआधी दांडीवर वाकवून तंतू उभे करून बघा, अंदाज लगेच येतो. आणखी एक बारीक काम करा: बांधायच्या टोकाशी देठावरचे तंतू काढून थोडा देठ उघडा ठेवा. पहिल्या वेढ्याचा वळसा उघड्या देठावर गेला की पुढचे तंतू दांडीशी काटकोनात उभे राहतात. देठ उघडा नसेल तर पहिले तंतू वेडेवाकडे पसरतात आणि पुढच्या वेढ्यांनाही वाकवतात.

कोंबड्याचं पीस ताठ, पाणी कमी पिणारं. कोंबडीचं मऊ, लगेच भिजणारं. ते बुडणाऱ्या फ्लायला वापरा.

प्रश्न: एल्क हरणाच्या केसांच्या एल्क हेअर कॅडिस फ्लायचा पंख बांधताना केस दांडीभोवती गोल फिरतात.

अमेरिकेतले फ्लाय बांधणारे अल ट्रॉथ यांनी 1957 साली बांधलेली ही फ्लाय दिसते साधी, पण केसांची शिस्त तिच्याइतकं कुणी शिकवत नाही. उघड्या दांडीवर केस फिरणारच, म्हणून आधी तिथे दोऱ्याचा थर द्या. केस काडेपेटीतल्या काडीएवढ्या जाडीचेच घ्या. लोक दुप्पट घेतात आणि मग दोऱ्याला दोष देतात. बुडाशी असलेली मऊ लव फणीनं पूर्ण काढा, कारण ती राहिली तर केसांना दोऱ्याखाली पसरता येत नाही. टोकं स्टॅकरमध्ये, म्हणजे केस जुळवायच्या नळीत, ठोकून एका रेषेत आणा. दोन सैल वेढे द्या, तिसरा देताना सावकाश आवळा, आणि आणखी तीनचार घट्ट वेढे पडेपर्यंत डाव्या हाताची चिमूट अजिबात सोडू नका. केस आतून पोकळ असतात, म्हणूनच दाबल्यावर फुलतात. फुललेले बघून घाबरून चिमूट सुटते आणि त्याच क्षणी पंख पलीकडे जातो.

प्रश्न: फेझंट टेल निम्फ (फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाची, पाण्याखालच्या किड्यासारखी फ्लाय) एकदोन मासे लागले की उसवते.

माशाचे दात पिसाचा एकच तंतू तोडतात आणि उरलेलं सगळं सुटत जातं. इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे रिव्हरकीपर, म्हणजे नदीची राखण करणारे, फ्रँक सॉयर यांनी ही निम्फ दोरा न वापरता बारीक तांब्याच्या तारेनं बांधली. तारेनं वजनही दिलं आणि मजबुतीही. तुम्ही दोऱ्यानं बांधत असाल तर तार तंतूंच्या उलट दिशेनं गुंडाळा, म्हणजे ती प्रत्येक तंतूला आडवी जाऊन दाबून धरेल. एकाच दिशेनं गुंडाळलेली तार तंतूंच्या मधल्या फटीत बुडते आणि काही उपयोग होत नाही. मोराच्या पिसाचे तंतू याहून नाजूक. ते दोऱ्याबरोबर पिळून मग गुंडाळावेत.

प्रश्न: पिसांना कीड लागली. सगळी टाकून द्यावी लागतील का?

जी भुगा झालीत ती टाका. उरलेली हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये काही दिवस ठेवा, बाहेर काढून एक दिवस राहू द्या आणि पुन्हा ठेवा, कारण पहिल्या थंडीतून अंडी वाचू शकतात. नवीन आलेलं कोणतंही पीस आधी वेगळं ठेवायचं, जुन्यात लगेच मिसळायचं नाही.

प्रश्न: सुरुवातीला पैसे कशावर घालावेत? व्हाइस, हत्यारं की सामान?

कात्रीवर. टोकापर्यंत कापणारी बारीक कात्री नसेल तर वरचं एकही तंत्र नीट होत नाही. तार कापायची असेल तेव्हा पात्याचा मागचा भाग वापरा किंवा वेगळी कात्री ठेवा. व्हाइस साधी चालते, फक्त तिनं गळ घट्ट धरला पाहिजे: गळ लावा, बोटानं खाली दाबा, जबड्यात सरकला तर ती व्हाइस नको. गळाच्या टोकामागचा उलटा काटा दाबून बसवायचा असेल तर बांधण्याआधीच बसवा. दाबताना कधी गळ मोडतो, आणि पूर्ण झालेली फ्लाय हातातून जाणं मला सहन होत नाही. सामान मात्र एकाच फ्लायपुरतं घ्या आणि तीच एका मापात सहा वेळा बांधा. सहाही ओळीनं ठेवून पाहिल्या की कुठली शेपटी लांब, कुठलं डोकं मोठं, हे कुणी सांगावं लागत नाही. माझ्या व्हाइसमागे एक फिकट राखाडी पुठ्ठा कायम उभा असतो. त्यावर पिसाची कड स्पष्ट दिसते.

प्रश्न: लाख लावल्यावर नेढं भरतं, नाही लावली तर गाठ सुटते.

व्हिप फिनिशचे, म्हणजे शेवटच्या गाठीचे, पाच वेढे नीट आवळलेत तर गाठ सहसा सुटत नाही. तरी भरवसा हवा असेल तर शेवटच्या गाठीआधी दोऱ्याच्या बोटभर भागाला सुपरग्लूचा ओझरता हात लावा आणि तोच दोरा गाठीत जाऊ द्या. लाख लावायचीच असेल तर सुईच्या टोकावर येईल तेवढीच घ्या, आणि ती ओली असतानाच हॅकलचा टाकाऊ देठ नेढ्यातून एकदा ओढून काढा.