उत्तम बॉक्सर स्टार कधी होतो?

तुमचा प्रश्न असा आहे की, कुशल बॉक्सर इतके असताना बॉक्सिंग न पाहणाऱ्या लोकांपर्यंत त्यातले दोन-चारच का पोचतात?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. ज्याला बॉक्सिंगमधलं काही कळत नाही, त्यालाही ज्या बॉक्सरचं आज काय होणार ही उत्सुकता लागते, तो स्टार होतो. ठोसा किती सफाईदार होता हे त्या माणसाला दिसतच नाही.

हे मला माझ्या धाकट्या भावामुळे कळलं. त्याला या खेळात काडीचाही रस नाही. तरी एकदा हौसेने त्याला गिलेर्मो रिगोंडो आणि नॉनिटो डोनेअर यांची एप्रिल २०१३ मधली लढत दाखवायला बसवलं. रिगोंडो क्युबाचा, २००० आणि २००४ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकलेला. डोनेअर म्हणजे एका डाव्या हूकमध्ये, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशात, माणूस आडवा करणारा. रिगोंडोने तो हूक जवळजवळ रात्रभर हवेतच फिरत ठेवला. अर्धं पाऊल मागे, खांदा किंचित वळवलेला, आणि डोनेअरचा रिकामा हात परत जायच्या आत याचा सरळ डावा ठोसा तोंडावर. मी दर वेळी "हे बघ, हे बघ" करत होतो. पाच-सहा फेऱ्या झाल्यावर भावाने शांतपणे विचारलं, "दादा, हे लढायला कधी सुरू करणार?"

तेव्हा मला राग आला होता. पण त्याचा प्रश्न रास्त होता. बचाव म्हणजे न घडलेली गोष्ट. न लागलेल्या ठोशाची किंमत कळायची, तर तो लागला असता तर काय झालं असतं हे आधी ठाऊक असावं लागतं. तेवढा अभ्यास करून कोणी टीव्हीसमोर बसत नाही. ती लढत रिगोंडोने जिंकली, पण तिने त्याचं नाव मोठं झालं नाही. त्याच्याशी लढण्यात हरण्याचा धोका मोठा आणि कमाई बेताची, मग त्याच्या वाटेला कोण जाणार? खरी मोठी लढत मिळाली ती डिसेंबर २०१७ मध्ये, वासिल लोमाचेन्कोशी, तीही दोन वजनगट वर चढून. सहा फेऱ्यांनंतर रिगोंडो स्टुलावरून उठलाच नाही, लढत सोडली. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

मग फ्लॉइड मेवेदरचं काय, असं तुम्ही म्हणाल. तोही बचावाचाच बॉक्सर. ५० लढती, ५० विजय, आणि त्यातल्या बऱ्याच शेवटच्या फेरीपर्यंत चाललेल्या. माझ्या मते या प्रश्नातला सगळा रस याच्याच गोष्टीत आहे. मेवेदर आधी 'प्रिटी बॉय' म्हणून ओळखला जायचा, चेहऱ्यावर ओरखडा नसलेला गुणी मुलगा. १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक, मग व्यावसायिक विजेतेपदं, आणि तरीही गर्दी दुसऱ्यांचीच. जून २००५ मध्ये तो आर्तुरो गाट्टीशी लढला तेव्हा सभागृह गाट्टीचं होतं. गाट्टी कौशल्यात त्याच्या जवळपासही नव्हता, सहा फेऱ्यांत त्याच्या कोपऱ्याने, म्हणजे रिंगच्या कडेला बसलेल्या त्याच्या प्रशिक्षकांनी, लढत सोडली. पण गाट्टी मार खाऊन, सुजलेल्या डोळ्यांनी परत उभा राहायचा, आणि लोक त्याच्यासाठी जीव टाकायचे.

२००६ मध्ये मेवेदरने साडेसात लाख डॉलर भरून जुन्या प्रमोटरचा, म्हणजे लढती ठरवणाऱ्या आयोजकाचा, करार सोडवला. नाव बदलून 'मनी' केलं. मे २००७ मध्ये ऑस्कर डे ला होयाशी लढत ठरली. डे ला होया तेव्हाचा सर्वांत मोठा स्टार: आईला दिलेल्या शब्दापायी १९९२ चं सुवर्णपदक आणणारा, देखणा, मेक्सिकन वंशाच्या प्रेक्षकांचा लाडका. लढतीआधी दोघांच्या सरावाची मालिका टीव्हीवर आली आणि मेवेदरने तिचा पुरेपूर वापर केला. नोटांच्या थप्प्या, गाड्या, बडबड. मेक्सिकोच्या सणाच्या दिवशी तो सोम्ब्रेरो, म्हणजे रुंद काठाची मेक्सिकन टोपी, घालून रिंगमध्ये उतरला. सुमारे २४ लाख घरांनी पैसे भरून ती लढत पाहिली, त्या वेळचा विक्रम. त्यातले बरेच जण त्याला पडताना पाहायलाच बसले होते. आता त्याचं प्रत्येक हुकवणं त्यांच्यासाठी काहीतरी घडणं होतं: "अरेरे, पुन्हा निसटला!" रिगोंडोचीच कला, पण पाहणाऱ्याला तिच्याशी देणंघेणं होतं.

ही युक्ती जुनी आहे. १९६१ मध्ये तरुण मुहम्मद अलीने गॉर्जस जॉर्ज या कुस्तीगीराला पाहिलं. त्याला शिव्या घालायला लोक तिकिटं काढतात, हे त्याने हेरलं. पण अलीला फक्त बडबडीने मोजणं मला पटत नाही. १९६७ मध्ये त्याने सैन्यात भरती व्हायला नकार दिला. विजेतेपद गेलं, परवाने गेले, ऐन उमेदीची साडेतीन वर्षं रिंगबाहेर गेली. त्यानंतर अलीच्या लढतीत कोणाची बाजू घ्यायची, हा प्रश्न बॉक्सिंगपुरता उरला नाही.

जॉर्ज फोरमनचं उदाहरण तर मला सर्वांत आवडतं. १९७३ मध्ये त्याने तेव्हाच्या जगज्जेत्या जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं. तेव्हाचा फोरमन भयंकर होता, पण घुमा, आणि प्रेक्षकांना परका. पुढच्या वर्षी आफ्रिकेतल्या किन्शासात अलीने त्याला झोपवलं तेव्हा सगळं मैदान अलीच्या बाजूने होतं. पुढे फोरमन निवृत्त झाला, धर्मोपदेशक झाला आणि दहा वर्षांनी, १९८७ मध्ये परतला तो सुटलेल्या पोटाचा, टक्कल केलेला, स्वतःच्या खाण्यावर हसणारा माणूस म्हणून. वेग गेला होता. तरी १९९१ मध्ये तेव्हाचा जगज्जेता इव्हँडर होलिफील्डसमोर पूर्ण १२ फेऱ्या उभा राहिला, हरला, आणि लोकांचा झाला. ५ नोव्हेंबर १९९४ ला, वयाच्या ४५ व्या वर्षी, गुणांवर मागे असताना दहाव्या फेरीत त्याने जगज्जेत्या मायकल मूररला पाडलं. अंगात किन्शासात घातलेलीच लाल चड्डी होती. वीस वर्षांपूर्वीचा फोरमन या फोरमनपेक्षा नक्कीच चांगला बॉक्सर होता, पण ज्याच्या नावावर घरोघरी मांस भाजायचे ग्रिल विकले गेले तो हा, दुसरा.

दुसरी गरज म्हणजे तोलामोलाचा प्रतिस्पर्धी, आणि तो कोणाच्या हातात नसतो. मार्विन हॅगलर १९८० पासून विजेता होता. तरी आपल्याला हवा तसा मान मिळत नाही, हे शल्य त्याला इतकं होतं की १९८२ मध्ये त्याने कायदेशीररीत्या नावच 'मार्व्हलस' करून घेतलं. नाव बदलून जे झालं नाही, ते एप्रिल १९८५ मध्ये टॉमी हर्न्ससमोरच्या तीन फेऱ्यांनी झालं. ती लढत भावाला दाखवली तेव्हा तो पहिल्या फेरीतच पुढे सरकून बसला होता.

टीव्हीचाही वाटा आहेच. शुगर रे लिओनार्डला १९७६ च्या ऑलिंपिकमुळे लोक फुकटात ओळखू लागले होते, पैसे मागायची वेळ नंतर आली. आज बहुतेक गुणी मुलं सुरुवातीपासून वर्गणीच्या पडद्याआड लढतात.

आणि टेरेन्स क्रॉफर्ड. डाव्या-उजव्या दोन्ही पवित्र्यांतून सारखाच लढणारा, दोन वजनगटांत सगळे पट्टे, म्हणजे सगळी विजेतेपदं, एकट्याकडे, आणि तरी अनेक वर्षं फक्त आमच्यासारख्यांनाच माहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये, ३७ व्या वर्षी, तो दोन वजनगट वर जाऊन मेक्सिकोचा मोठा स्टार कानेलो अल्वारेझशी लढला. लास वेगासचं स्टेडियम ७० हजारांनी भरलं होतं, प्रक्षेपण नेटफ्लिक्सवर होतं. त्या रात्री तो जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी भावाचा मेसेज आला: "दादा, हा क्रॉफर्ड कोण?" मी त्याला दहा वर्षांपासून त्याच्याबद्दल सांगत होतो.