पहिली डॉक्युमेंटरी काढतोयस तर

भाऊ, कारगिलवर (१९९९) १५ मिनिटांची फिल्म करतोयस, कर. पण तोफांच्या जुन्या क्लिपांनी सुरुवात नको, त्या सगळ्यांनी पाहिल्यात. धुळ्याकडच्या एखाद्या गावात जवानाची आई असेल, तिच्या ओट्यावर आधी दोन दिवस कॅमेऱ्याशिवाय बस. "तेव्हा काय वाटलं?" असं मी एकदा विचारलं होतं. माय रडली, मुलाखत तिथंच संपली. बातमी आली तेव्हा चुलीवर काय होतं, ते विचार. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीपासून सुरू होऊन ती आपोआप पोरापर्यंत येते. अहिराणीत बोलली तर बोलू दे, खाली मराठी सबटायटल टाक. 'शुद्ध बोला' म्हणालास तर गेलं सगळं.

मे महिन्यात पंखा बंद केला तर माणूस शिजतो, चालू ठेवला तर आवाजात घरघर. म्हणून शूटिंग सकाळी सातला. निघताना रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट आवाज घे, एडिटिंगला लागतोच.

आणि फक्त शहीदांची घरं शोधू नकोस. वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत काडतुसं बनतात. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या निवृत्त कामगाराला कारगिलच्या वेळच्या पाळ्यांबद्दल विचार. आत कॅमेरा नेऊ देणार नाहीत, त्याच्या घरीच बस.