‘दमवलं की झोपेल’ असे वाटते तेव्हा

“दिवसभर उड्या मारूनही रात्री अकरापर्यंत डोळा लागत नाही, आता आणखी दमवायचं तरी किती?” हा प्रश्न लहान मुलांच्या पालकांकडून माझ्याकडे इतक्यांदा येतो, की त्यातला एक अनुभव, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे मांडत आहे.

साडेचार वर्षांच्या या मुलाला आईवडील रात्री जेवणानंतर सोसायटीच्या आवारात तासभर सायकल चालवायला नेत. पहिल्याच भेटीत मी नेमका तोच उपाय बंद करायला सांगितला, तेव्हा वडिलांचा चेहरा पडला. परंतु झोपेची वेळ टळून गेलेले मूल मोठ्यांसारखे पेंगत नाही, उलट अधिकच चेकाळते. शिवाय या वयाला चोवीस तासांत दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास झोप लागते, आणि पाळणाघरात तो साडेचारपर्यंत झोपत असे. दुपारची झोप लवकर आटोपणे, सायकल संध्याकाळी सहाला, आठनंतर टीव्ही बंद आणि दिवे मंद, एवढ्याने अर्धा फरक पडला.

उरलेला अर्धा तिसऱ्या भेटीत उलगडला. तो माझ्या टेबलाखाली गाडी फिरवत असताना मी सहज विचारले, “झोपायला का नाही रे आवडत?”

गाडी न थांबवता तो म्हणाला, “मी झोपलो की आई उठते.”

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “खरं आहे. थोपटताना माझा जीव भांड्यांत नि लॅपटॉपमध्ये असतो. डोळे मिटले, की हळूच त्याच्या मुठीतून माझा गाऊन सोडवून घेते.”

चंचलपणामागे मी आधी नाते शोधते. चांगल्या वागणुकीसाठी बक्षीस म्हणून चांदण्या चिकटवायच्या तक्त्यांवर माझा फारसा विश्वास नाही. हे मूल आईवर पहारा देत होते, आणि पहारेकऱ्याला डुलकी कशी परवडेल?

म्हणून मी सुचवले, की चोरून उठू नका, सांगून उठा. “ओटा आवरून तुला बघायला येते,” असे म्हणायचे आणि तो जागा असतानाच, सुरुवातीला दोन मिनिटांत, खरोखर परत यायचे. हे अंतर वाढवायचे ते त्याला आपल्या शब्दाची खात्री पटल्यावरच. आजारपणात घडी विस्कटते, तेव्हा न रागावता पुन्हा दोन मिनिटांपासून सुरुवात करावी.

महिनाभराने आई हसत सांगत होती, की साडेनऊला तोच म्हणाला, “जा आता, तुझी भांडी राहिलीत.” भांडी अजून तिचीच का, हा प्रश्न मी वडिलांसाठी पुढच्या भेटीला राखून ठेवला आहे.