यान झेलेझ्नीचा भालाफेकीतला विक्रम एवढा मोठा का मानतात?

25 मे 1996 रोजी जर्मनीतल्या येना इथे चेक प्रजासत्ताकाच्या यान झेलेझ्नीने 800 ग्रॅमचा भाला 98.48 मीटर फेकला. 1986 मध्ये गुरुत्वमध्य पुढे सरकवलेला, म्हणजे टोक लवकर खाली झुकून कमी अंतर जाणारा भाला होता तो! म्हणूनच या फेकीचं मोल अधिक.

1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये त्याचं सुवर्ण अवघ्या 16 सेंटिमीटरने हुकलं. मग 1992, 1996, 2000 अशी सलग तीन सुवर्णं.

त्याची फेक बघताना डावा पाय बघा. उजव्या हाताच्या फेकपटूचा हा पाय जमिनीवर ताठ रोवला गेला, तरच धावण्याचा वेग कंबर, खांदा, कोपर असा वर चढत भाल्यात उतरतो. गुडघा वाकला की वेग तिथेच जिरतो. कोपर खाली पडलं तर त्याच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर, म्हणजे हाडं जोडणाऱ्या पट्ट्यावर, ताण येतो. नवखे बहुधा इथेच जायबंदी होतात.

पुढे तो नीरज चोप्राचाही प्रशिक्षक झाला. मे 2025 मध्ये दोहात नीरजने 90.23 मीटर गाठले.