वाचक विचारतात: कानबाईच्या लायटिंगचा बोर्ड का तापतो?

प्रश्न : भाऊ, आमच्याकडे श्रावणात कानबाई (आम्हा खानदेशी लोकांची देवी) बसते, यंदा चौरंगामागची लायटिंग घरीच करायची म्हणून मे महिन्यापासूनच लागलोय. अर्डुइनो ऊनो बोर्ड (कोड टाकून चालवायचं छोटं सर्किट) आहे, त्याच्या ५ व्होल्टच्या पिनवरून डब्ल्यूएस२८१२बीची (प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा बदलता येतो अशी) १ मीटर पट्टी, ६० एलईडीवाली, आणि बोर्डाला जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर. मंद लाल नीट चालतो, पण सगळी पांढरी केली की दोन मिनिटात बोर्डाला बोट लावता येत नाही आणि तो आपोआप रीसेट होतो. मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे बोर्डावरच्या मोठ्या चिपवर, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) चिकटवला, पंखा लावला, फरक नाही. चिप गेली का? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : चिप बहुतेक शाबूत आहे, तुम्ही हीटसिंक भलत्याच जागी लावलाय. अ‍ॅडॉप्टरची पिन जिथे खुपसता त्याच्या जवळच तीन पायांचा, मागे रुंद पत्री असलेला छोटा काळा पार्ट आहे बघा, तो रेग्युलेटर. १२ चे ५ व्होल्ट तोच करतो आणि मधले ७ व्होल्ट नुसते उष्णतेत घालवतो. आता हिशोब करा, एक एलईडी पूर्ण पांढरा असला की साधारण ६० मिलीअँप खातो, म्हणजे ६० चे ३.६ अँपिअर. एवढे तर सोडाच, ४०० मिलीअँप जरी ओढले तरी ७ गुणिले ०.४ म्हणजे २.८ वॅट त्या नखाएवढ्या पार्टवर, आणि वर आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन, पत्र्याची खोली असेल तर विचारूच नका. फार तापला की तो स्वतःच बंद पडतो, निवला की परत चालू, म्हणून तुमचा रीसेट.

खात्री करायची तर पट्टी काढून बोर्ड एकटा दहा मिनिटं चालवा. गार राहिला तर बोर्ड चांगला आहे. काहीच जोडलेलं नसताना मोठी चिपच चटका देत असेल तरच ती आतून गेली समजा.

इलाज एकच, पट्टीचा करंट बोर्डातून जाऊच द्यायचा नाही. ५ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या २३० व्होल्टचे ५ व्होल्ट करून देणारा पॉवर सप्लायचा डबा) घ्या, त्याच्यावरून पट्टीला दोन्ही टोकांना सप्लाय द्या, नाहीतर लांबचं टोक पांढऱ्याऐवजी पिवळसर दिसतं. बोर्डाचा आणि एसएमपीएसचा ग्राउंड (मायनस) एकत्र जोडायचाच, हे बरेच जण विसरतात आणि मग रंग वेडेवाकडे नाचतात. डेटाच्या वायरीत (बोर्डाकडून पट्टीला रंगाचा सिग्नल नेणाऱ्या) ४७० ओहमचा रेझिस्टर, पट्टीच्या सुरुवातीला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्याची प्लस-मायनस बाजू बघून. बोर्डही त्याच सप्लायवर घ्या, ५ व्होल्टच्या पिनवर, मग १२ चा अ‍ॅडॉप्टर काढूनच टाका, मात्र या पिनवर उलटी वायर लागली तर वाचवायला काही नाही, मीटरने तपासूनच लावा. कोड टाकायला यूएसबी जोडाल तेव्हा ही वायर काढून ठेवायची.

आणि चौरंगापाशी रोटाच्या (कानबाईच्या नैवेद्याच्या) दिवशी पोरंबाळं, साड्या, फुलं, दिवे सगळं असतं, एसएमपीएसच्या २३० व्होल्टच्या स्क्रूंवर झाकण बसवा, अर्थिंग जोडा आणि तो डबा कापडाखाली दाबून न ठेवता मागच्या बाजूला हवेशीर टांगा.