लष्करी इतिहास शिकवणाऱ्या जर्मन प्राध्यापकाची कारकीर्द कशी असते?

सगळ्यांची सारखी नसते, पण हान्स डेलब्र्यूकची (1848–1929) जरूर पाहा. 1870-71 च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात तो स्वतः लढला, मग प्रशियाच्या राजपुत्राचा शिक्षक झाला, राइशस्टागमध्ये (जर्मन संसदेत) खासदारही. बर्लिन विद्यापीठात मात्र पूर्ण प्राध्यापकपद मिळायला 1890 चं दशक अर्धं उलटावं लागलं. युद्ध हा विषय लष्कराचा, त्यात विद्यापीठाचं काय काम, अशी तेव्हाची समजूत होती.

त्याची खरी करामत म्हणजे जुन्या आकड्यांची झडती. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या मते इराणी सम्राट झर्क्सिसच्या ग्रीसवरच्या स्वारीत 40 लाखांच्या वर माणसं होती. डेलब्र्यूकने सरळ हिशेब मांडला: जर्मन सैन्याची 30 हजारांची एक कोअर (मोठी तुकडी) कूच करताना रस्त्यावर किती लांब पसरते? त्याच मापाने इराणी सैन्याचं तोंड ग्रीसमधल्या थर्मोपिलीच्या खिंडीला पोचलं, तेव्हा शेपूट जेमतेम इराणातल्या सुसाहून निघत असणार! (आपल्याकडच्या बखरींतल्या लाखांच्या फौजांनाही हा हिशेब लावून बघावा.)

अठराव्या शतकातला प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट शत्रूचा एका घावात निकाल लावण्यापेक्षा त्याला थकवण्यावर भर देत होता, असं डेलब्र्यूकने म्हटल्यावर जनरल स्टाफमधले (लष्कराच्या मुख्यालयातले) इतिहासकार त्याच्यावर तुटून पडले. वाद कित्येक वर्षं चालला. पुढे त्याने पहिल्या महायुद्धातला जर्मन सेनानी लुडेनडॉर्फ याच्या 1918 च्या डावपेचांवरही कडक टीका केली. युद्धकलेच्या इतिहासाचे त्याचे चार खंड 1900 ते 1920 दरम्यान आले. इंग्रजीत उपलब्ध आहेत, पहिल्यापासूनच सुरुवात करा.