जुन्या बुलेटची टाकी नुकतीच रंगवून आणली आणि पेट्रोल कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) नवा घेतला. तो पूर्ण आवळला की नळी बसायचं तोंड पायाकडे येतं, कार्बोरेटरकडे वळवला की गळतो. मेकॅनिक म्हणतो आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळू. गुंडाळावी का?

नाही. मेकॅनिक कितीही जुना असला तरी नाही.

टाकी नुकतीच रंगवून आणली आहे आणि कॉकही नवा आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सांगतो. कॉक खराब नाही. प्रत्येक कॉकवर आटे कुठून सुरू होतात ते वेगळं असतं, त्यामुळे पूर्ण आवळल्यावर तोंड कुठे येईल हा निव्वळ योगायोग. दुकानातून आणलेला कॉक पहिल्या फटक्यात सरळ बसला तर त्या दिवशी लॉटरीचं तिकीट काढा.

आमच्याकडची बुलेट वडिलांची. वडील खडकीला ॲम्युनिशन फॅक्टरीत टर्नर, त्यामुळे घरात मायक्रोमीटर देवघराशेजारच्या कपाटात आणि त्याला हात लावायची कुणाची टाप नाही. थोरल्या ताईचं लग्न झालं आणि दाजी घरात आले. दाजींना बुलेटचा भारी शौक. एका चुलतभावाच्या लग्नाआधी त्यांनी हौसेने टाकी रंगवायला दिली, आणि बसवायच्या वेळी पेठेतल्या एका गॅरेजमध्ये स्वतः उभे राहिले. तिथे नेमकं तुमचंच झालं. तोंड बाहेर. गॅरेजवाल्याने कॉक पाव फेरा मागे घेतला, आट्यांवर टेपचं अर्धं रीळ चढवलं, वरून शेलॅक (लाखेचं रोगण) फासलं आणि "पाच वर्षं बघायला नको" म्हणाला. दाजींना ते इतकं पटलं की त्यांनी वर टीप दिली.

पुढच्या रविवारी सगळे जेजुरीला निघालो. दाजी आणि ताई बुलेटवर, मी मागे स्कूटरवर. दिवे घाटाच्या निम्म्यावर मला पेट्रोलचा वास यायला लागला. हात करून थांबवलं. कॉकच्या मानेतून थेंब निघत होता, नळीवरून ओघळून इंजिनाच्या बाहेरच्या गरम पात्यांवर पडत होता आणि पडला की क्षणात उडून जात होता. दाजींनी ऐटीत कॉक बंद केला. उपयोग काय? गळती कॉकच्या वर, आट्यांमधून. बंद करायचं तर टाकीच रिकामी करावी लागते. शेवटी रस्त्याकडेच्या एका टपरीवाल्याकडून मागितलेल्या डब्यात पेट्रोल उतरवलं, ताई एसटीने जेजुरीला गेली आणि दाजी बुलेट उताराला लावून घाटाखालच्या वडकीपर्यंत आले. एक ठिणगी पडली असती तर काय झालं असतं याची चर्चा आमच्या घरात अजून होते, फक्त दाजी नसताना.

वडिलांनी संध्याकाळी कॉक काढला. पहिली गोष्ट त्यांनी दाखवली ती अशी की टाकीच्या बुशीच्या, म्हणजे कॉक जिच्यात आवळतात त्या आट्यांच्या कडीच्या, तोंडावरही रंग होता. वॉशर पत्र्यावर नाही, रंगावर बसला होता, आणि पेट्रोल लागून तो रंग मऊ होऊन बाजूला सरकला होता. तुमचीही टाकी नवी रंगवलेली आहे, तेव्हा आधी तिथे नखाने खरवडून बघा. रंग निघाला तर वॉशर बसतो तेवढं वर्तुळ धातूपर्यंत साफ करा.

मग मुख्य काम. जुन्या बुलेटच्या कॉकचे आटे पाव इंची बीएसपी (पाइपच्या आट्यांचं ब्रिटिश माप), म्हणजे इंचाला 19 आटे. एका पूर्ण फेऱ्यात कॉक 1.34 मिमी वर चढतो, पाव फेऱ्यात साधारण 0.33 मिमी. हे सरळ आटे आहेत, टोकाकडे निमुळते होत नाहीत. ते पेट्रोल अडवत नाहीत, फक्त कॉक धरून ठेवतात. पेट्रोल अडवतो तो वॉशर. म्हणून टेप कितीही गुंडाळा, वॉशर दाबला गेला नाही तर गळणारच. शिवाय टेपचे तंतू सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, अडकतात ते वेगळंच.

आमचा कॉक पाव फेरा पुढे जात होता. म्हणजे वॉशर 0.33 मिमीने जाड हवा, की आधीच अडेल. वडिलांनी कपाटातून एक जाडजूड ॲल्युमिनियमचा वॉशर काढला, काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवला, त्यावर रॉकेलचे दोन थेंब टाकले आणि वॉशर बोटाखाली 8 च्या आकड्यासारखा फिरवायला लागले. मधूनमधून पुसायचा, मायक्रोमीटरला लावायचा, पुन्हा घासायचा. काळं पाणी कडेला साचत होतं. कॉक हाताने फिरवून जिथे अडतो तिथे तोंड हव्या त्या जागेच्या किंचित अलीकडे राहिलं, तेव्हा थांबले. उरलेलं पान्याने, जोर न लावता. कॉक पुढे जात असेल तर वॉशर जाड, अलीकडे राहत असेल तर पातळ. एवढंच शास्त्र आहे.

दाजींचं म्हणणं अजून असं की टेप हलक्या प्रतीची होती आणि सासऱ्यांनी दोन रुपयांच्या वॉशरसाठी उगाच संध्याकाळ घालवली. "शेलॅक लावून आमच्या मित्रांच्या गाड्या वर्षानुवर्षं चालल्या." चालल्या असतील. साध्या पेट्रोलमध्ये शेलॅक विरघळत नाही, पण अल्कोहोलमध्ये विरघळतं, आणि आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. म्हणजे दाजींचा हा युक्तिवादही टाकीत पडून विरघळला. हे मी त्यांना गणपतीत सांगितलं होतं, त्यांनी मोदक उचलून विषय बदलला. जुनी रबरी नळीही या पेट्रोलने फुगते, तीही बदलून टाका.

आता थोडं सावध करतो. हे आकडे जुन्या बुलेटचे. गाडी दुसरी असेल, किंवा कुणी टाकीची बुशीच बदललेली असेल, तर आधी आट्यांना माप काढायचं गेज लावा. काही गाड्यांच्या कॉकला मध्ये मोठा नट असतो आणि त्याच्या एका अंगाला उलटे आटे असतात. तिथे तोंड हवं तिकडे धरून नट आवळायचा, वॉशर घासत बसायचं काहीच कारण नाही. पान्याने जबरदस्ती तर कुठेच नको. कॉक पितळेचा, टाकीची बुशी पत्र्याला जोडलेली. ती सुटली की काम वेल्डरकडे जातं, आणि रिकामी दिसणारी पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. आत वाफ असते. धुवून, पाणी भरून दिल्याशिवाय त्या टाकीजवळ आग येऊ देऊ नका.

आणि मेकॅनिक ऐकत नसेल तर कॉक, टाकी आणि दोन-तीन वेगवेगळ्या जाडीचे वॉशर घरी आणा. पुण्यात नाना पेठेत ॲल्युमिनियमचे, तांब्याचे, फायबरचे सगळे मिळतात. तांब्याचा घेतलात तर लाल तापवून मऊ करून घ्या. फायबरचा घेऊ नका असं म्हणत नाही, पण तो दाबला जातो, तेव्हा काही दिवसांनी पुन्हा एकदा बघावं लागेल.